दात्याचा मसुदा

समुद्र ज्यांनी केवळ चित्रातच पाहिला आहे अशा मुलांना वल्हे, शीड आणि दोराच्या गाठी शिकविण्याचा उद्योग वळसंगसारख्या अवर्षणाच्या टापूत कोणी का करावा, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर देणे मी सोडून दिले आहे. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्याने उलटून सहा जीव गेले; आपला सोलापूर जिल्हा समुद्रकाठचा नव्हे म्हणून त्या पाण्याने काही सवलत दिली नाही. ज्यांना खुलासा हवा असेल त्यांना एवढा पुरेसा व्हावा.

आमच्या सी-स्काऊट पथकाचे ठाणे म्हणजे एका विणकर कुटुंबाने तोंडी शब्दावर दिलेली मागाची जुनी शेड. पत्रे गंजलेले, मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, आणि हिप्परग्याच्या तलावावरून परत आणलेल्या होड्या भिंतीला टेकवून उभ्या करायच्या, त्यामुळे त्यांच्या फळ्या वाकत. नवे छत, स्वच्छतागृह, होड्यांसाठी मांडणी आणि जीवरक्षक जाकिटांसाठी कुलूपबंद कोठी, एवढ्याच गोष्टींसाठी निधी हवा होता. नौदलातून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला ती याचना अवघड वाटली, परंतु वाटली म्हणून टाळली नाही.

अशा वेळी सोलापुरातील एक धनिक गृहस्थ, ज्यांचे नाव मी घेणार नाही कारण ते घेतले जावे हीच त्यांची आयुष्यभराची तळमळ आहे, स्वतः होऊन पुढे आले आणि सर्व खर्च एकट्याने उचलण्याची त्यांनी भाषा केली. आमच्या कार्यकारिणीला जे हर्षवायूचे झटके आले त्यांचे वर्णन न करणेच सभ्यपणाचे होईल. नकाशा आम्ही आमच्या पैशांनी करवून घेतला व मूळ प्रत त्यांच्या कचेरीत दिली. पुढे कित्येक महिने चहा, आश्वासने आणि संगमरवरी फलकाच्या मापांची चर्चा यांत गेले, छताचा विषय मी काढला की ते प्रसन्न हसत आणि म्हणत, "काका, कागद कशाला वाचता, माणूस वाचा."

कराराचा मसुदा हाती आला तेव्हा मी तो वाचला, आणि इतरांनी वाचला नाही, हे आज कोणाला रुचो वा न रुचो. पहिली दोन पाने देशप्रेम, युवाशक्ती आणि दात्याचे पुण्यशील घराणे यांत खर्ची पडली होती. तिसऱ्या पानावर असे नमूद होते की विणकर कुटुंबाने सदर जागा दात्याच्या स्वतःच्या न्यासाला बक्षीसपत्राने द्यावी, आमचा त्या जागेवर कोणताही हक्क नसल्याचे आम्ही लिहून द्यावे, आणि त्या मोबदल्यात आम्हाला तेथे ११ महिन्यांच्या परवान्यावर, लग्नसराईचे दिवस वगळून, बसू द्यावे. ज्या शेडीत मुलांनी स्वतःच्या हातांनी फरशी बसविली होती, तिच्यात ती मुले दर वर्षी परवाना मागणार होती! मी ते कलम मोठ्याने वाचून दाखविले. बैठकीत कोणी बोलेना. अखेर एका सभासदाने मलाच विचारले, की एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान करणे शोभते का. दात्याच्या वकिलाने शांतपणे सांगितले की ग्रामपंचायतीचा नमुना ८ तुमच्या नावाचा असला तरी तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. दुर्दैवाने त्याचे म्हणणे खरे होते, आणि ते खरे आहे हे मी त्या सभासदांना वर्षभर आधी सांगत होतो.

तेव्हा ज्यांना अशा उद्योगात पडायचे आहे त्यांनी जागा आधी पक्की करावी आणि झोळी नंतर पसरावी. दान दिलेल्या स्थावराचे बक्षीसपत्र देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेले, दोन साक्षीदारांच्या सह्यांचे आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असले तरच कायद्याला ते दान म्हणून ठाऊक होते. त्यानंतर न्यासाच्या मिळकतीतील बदलाचा अर्ज धर्मादाय कचेरीत ९० दिवसांच्या आत जावा लागतो. असे बक्षीसपत्र आमच्या न्यासाच्या नावे करवून घ्यायला मी त्या विणकर कुटुंबातील आजींकडे गेलो. जागा पोरांसाठी दिली आहे, एवढे एकच वाक्य त्या बोलल्या आणि अंगठा उठविला. मुद्रांकशुल्काचा बोजा हलका नव्हता. तो भरण्यास मोठ्या दात्याचे कौतुक करणाऱ्यांपैकी कोणीही पुढे आले नाही.

जागा तुमच्या न्यासाची झाल्यावरही सावध असावे. सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने परस्पर देता येत नाही. त्यासाठी १९५० च्या न्यास अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. दात्याला 'नाही' म्हणणे जड जात असेल तर हे कलम दाखवावे, म्हणजे नकाराचा दोष सरकारवर जातो. संस्थेची नोंदणीच झालेली नसेल तर वर्गणीसाठी कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी. गणेशमंडळांना ती ठाऊक असते, शिकलेल्यांना नसते.

प्राप्तिकराच्या ८०-जी ची सवलत दाखवून देणगी मागणाऱ्यांनी दात्याला स्पष्ट सांगावे की २,००० रुपयांपुढील रोख रकमेवर ती मिळत नाही. आमच्या गावचा एक मुलगा परदेशी स्थायिक झाला असून त्याने मोठी रक्कम देऊ केली. तो अजून भारतीय पारपत्रावर आहे म्हणून ती घेता आली. त्याने तेथील नागरिकत्व घेतले असते तर तीच रक्कम परकीय देणगी ठरली असती, आणि तिच्यासाठी निराळी नोंदणी व स्टेट बँकेच्या दिल्लीतील ठरावीक शाखेत खाते, असा लांबचा फेरा पडला असता. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीची स्वप्ने लहान संस्थांनी फार पाहू नयेत. कायद्यातील दोन टक्के ऐकायला गोड वाटतात, परंतु त्या दाराशी नोंदणीकृत आणि हिशेबतपासणी झालेल्यांची रांग मोठी असते. बाकी हिशेब चोख ठेवावा, पावती द्यावी, आभार वेळेवर मानावेत, हे कोणीही सांगेल.

खर्चाचा क्रमही देणाऱ्याच्या नव्हे तर पाण्याच्या सोयीने लावावा. आम्ही प्रथम जाकिटे घेतली, मग मांडणी केली, मग छत. फलक अजून केलेला नाही. छोट्या देणग्यांचे नाव-रकमेचे कोष्टक मात्र दाराशी लावले आहे, आणि त्यात शंभर रुपये देणाऱ्या शेतमजुराची ओळ हजारो देणाऱ्याच्या ओळीइतक्याच आकाराच्या अक्षरांत आहे. या गोष्टीचा राग एका माजी सभासदाला अजून आहे, असे माझ्या कानावर येते.

नकाशाची मूळ प्रत मात्र त्या कचेरीने आजतागायत परत केलेली नाही. तीन पत्रे नोंदणीकृत टपालाने पाठविली, त्यांच्या पोचपावत्या माझ्याजवळ आहेत. अभियंत्याने दुसरी प्रत देण्याचे निराळे पैसे घेतले, आणि तेही आम्हीच दिले.