'शांतिकर्ता' तोफ

इ. स. १८४४ च्या फेब्रुवारी महिन्याची २८ वी तारीख. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हिच्याजवळून वाहणाऱ्या पोटोमॅक नदीतून 'प्रिन्स्टन' ही नवी युद्धनौका दिमाखाने चालली होती. राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर, त्यांचे मंत्री व सुमारे चारशे स्त्रीपुरुष पाहुणे म्हणून नौकेवर आले होते. परंतु नौकेपेक्षाही साऱ्यांना कुतूहल होते ते तिच्यावरील एका तोफेचे. ती पंधरा फूट लांब, बारा टनांहून जड, आणि तिचे तोंड बारा इंच रुंद होते. तिचे नाव काय, तर 'शांतिकर्ता'! संहारासाठी घडविलेल्या यंत्रास असे नाव देण्याची हौस माणसास का वाटावी, कोण जाणे.

त्या काळी मोठ्या तोफा बहुधा ओतीव लोखंडाच्या असत. ओतीव लोखंड ठिसूळ, तर ठोकून घडविलेले लोखंड चिवट. तेव्हा प्रचंड तोफ घडीव लोखंडाचीच का करू नये, असा विचार पुढे आला. जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्याने तशी एक तोफ इंग्लंडात घडवून घेतली. चाचणीत तिला तडा गेला. एरिक्सनने तिच्या मागील भागावर, जेथे दारूचा भडका उडतो तेथे, तापविलेली लोखंडी कडी चढविली. बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना लोहार हेच करतो. तापलेली धाव प्रसरण पावून चाकावर सहज बसते आणि थंड होताच आकसून चाकास घट्ट आवळते. या कड्यांनीही तोफ तशीच आवळून धरली. या तोफेचे नाव 'ओरेगॉन'. तीही प्रिन्स्टनवरच होती.

नौकेचे कप्तान रॉबर्ट स्टॉक्टन यांना मात्र अमेरिकेत घडविलेली आणखी मोठी तोफ हवी होती. त्यांनी एरिक्सनच्या तोफेचे रूप घेतले. पण आवळणाऱ्या कड्यांचे मर्म काही घेतले नाही. कड्यांऐवजी मागचा भागच अधिक जाड केला. जाड ते बळकट, अशी त्यांची समजूत. पुढे तर अवघे पाच बार काढून तोफ निर्धोक ठरविण्यात आली!

त्या दिवशी तोफेने आधीचे बार उत्तम काढले. पाहुणे खाली भोजनास गेले. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सन्मानार्थ आणखी एक बार काढावा, अशी इच्छा आरमारमंत्री टॉमस गिल्मर यांनी दर्शविली. स्टॉक्टन प्रथम नाही म्हणाले. पण मंत्र्यांची इच्छा म्हणजे आज्ञाच. राष्ट्राध्यक्षही वर यावयाचे, परंतु खाली त्यांच्या जावयाचे गाणे चालले होते, ते ऐकण्यासाठी ते थांबले. तेवढ्यात तोफेस बत्ती दिली गेली.

प्रचंड आवाज झाला, धुराने सारे झाकून गेले. तोफेचा मागचा भाग फुटून लोखंडाचे तुकडे जमावात घुसले. गिल्मर आणि परराष्ट्रमंत्री ॲबेल अपशर यांच्यासह सहा जण ठार झाले. त्यांत राष्ट्राध्यक्षांचा आर्मिस्टेड नावाचा गुलाम सेवकही होता. स्टॉक्टन स्वतः जखमी झाले.

चौकशी मंडळाने स्टॉक्टन यांना दोषमुक्त केले. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेने मात्र फुटलेले लोखंडच तपासले. एवढा मोठा लोखंडी ठोकळा घडविताना तुकड्यांचे सांधे नीट जुळले नव्हते आणि लोखंडाचे बळही घटले होते. बाहेरून दिसणारी जाडी आतील कच्चे सांधे झाकीत होती.

त्याच सुमारास टॉमस रॉडमन हा तरुण लष्करी अधिकारी निराळ्या वाटेने विचार करू लागला. तोफ पोकळ गाभ्याभोवती ओतावी आणि गाभ्यातून पाणी खेळवून ती आतून आधी निववावी, अशी त्याची युक्ती होती. आतला थर प्रथम घट्ट होतो. मागाहून थंड होणारे बाहेरचे थर आकसून त्यास आवळतात. म्हणजे कडी न चढविताच कड्यांचे काम होते. इ. स. १८६० मध्ये या रीतीने पंधरा इंची तोफ तयार झाली.

एरिक्सनची ओरेगॉन तोफ पुढे ॲनापोलिस येथील आरमारी विद्यालयात ठेवण्यात आली. तिच्या मागील भागावरची ती कडी तेथे पाहावयास मिळतात.