कंडेन्सेटचे पाणी उसाला द्यायचे तर



गाळप सुरू झाले की देऊळघाट गटातून एक प्रश्न हमखास येतो. “साहेब, कारखान्यात एवढं वाफाळतं पाणी निघतं, ते आमच्या उसाला का देत नाही?” प्रश्न रास्त आहे. पैनगंगेकाठी राहूनही उन्हाळ्यात विहिरीचा तळ पाहणारी आपण माणसे.

हे पाणी मुळात तुमच्याच उसातले. उसात शेकडा 70 भागांच्या आसपास पाणी असते. म्हणजे 2500 टन गाळप धरले तर रोज सुमारे साडेसतरा लाख लिटर पाणी उसाबरोबर गाड्यांतून येते. रस आटवताना त्याची वाफ होते आणि ती पुढच्या भांड्याच्या नळ्यांवर निवून पुन्हा पाणी होते. चहाच्या पातेल्यावरचे झाकण उचलल्यावर जे टपकते, तेच हे कंडेन्सेट.

पण सगळे कंडेन्सेट सारखे नसते. पहिल्या भांड्याला टर्बाईनकडून आलेली वाफ असते. तिचे पाणी स्वच्छ, ते परत बॉयलरला जाते. पुढच्या भांड्यांतली वाफ रसातून उठलेली. रस जोरात उसळला की साखरेचे तुषार तिच्याबरोबर जातात. असे पाणी बॉयलरमध्ये गेले तर साखरेचे आम्ल होते, पाणी फेसाळते, नळ्या खराब होतात. म्हणून प्रयोगशाळेत सारखी परीक्षा चालते. पाण्यात अल्फा-नॅप्थॉलचे थेंब टाकून कडेने तीव्र गंधकाम्ल सोडतात. जांभळे कडे उमटले की साखर आहे, पाणी बॉयलरपासून तोडा. (ही परीक्षा घरी करू नये. गंधकाम्लाने हात जळतो.)

थंड मुलखात घर तापवायला गॅसचे बॉयलर असतात. त्यांच्या धुरातली वाफ निवून जे पाणी होते ते चांगलेच आंबट असते, लोखंडी नळी खाते. म्हणून तिथे प्लास्टिकची नळी लावतात. आपले पाणी तितके आंबट नसते. आपली अडचण उष्णता आणि साखर.

साखरेचे पाणी नाल्यात गेले की जीवाणू माजतात आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. मासे मरतात, पाण्याला घाण सुटते. याचे माप म्हणजे बी.ओ.डी. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमाप्रमाणे पाणी जमिनीवर सोडायचे तर बी.ओ.डी. लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत हवा, नदी-नाल्यात सोडायचे तर 30 च्या आत. पी.एच. 5.5 ते 8.5.

उष्णतेचे म्हणाल तर ते मी स्वतः करून बसलो आहे. नोकरीच्या सुरुवातीला प्रात्यक्षिक प्लॉटात उत्साहाने गरम पाणी सोडले. सरीच्या तोंडाकडचे कोंब दोन दिवसांत पिवळे पडले. वरिष्ठांनी जे ऐकवले ते इथे छापण्याजोगे नाही.

तेव्हा कारखान्याच्या चारीला परस्पर पाईप जोडू नका, तिथे जनावरे पाजू नका, लेकरांना जाऊ देऊ नका. निवलेले, शुद्ध केलेले आणि तपासलेलेच पाणी घ्या, तपासणीचा कागद मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. पहिल्यांदा दोन-चार सऱ्यांनाच, विहिरीच्या पाण्यात मिसळून द्या. पाणी एका जागी तुंबू देऊ नका. ज्यांना हवे त्यांनी गट कार्यालयात अर्ज द्यावा. अर्जात शेताचा गट नंबर आणि पिण्याची विहीर किती अंतरावर आहे हे जरूर लिहावे.

— ऊस विकास अधिकारी