आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

डेस्कटॉप रेंगाळायला लागला की आपल्याकडचे उपाय ठरलेले असतात. फॉरमॅट मारा, एखादं 'बूस्टर' टाका, नाहीतर नवाच घ्या. यांतला कुठलाही उपाय करताना नेमकं अडतंय कुठे, हे बहुधा कोणी पाहिलेलं नसतं. मी या बाबतीत हट्टी आहे. आधी मोजायचं, मगच खिशात हात घालायचा. मोजायला काही विकत आणावं लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात. ते पाहायचे मात्र संगणक खरोखर अडखळत असतो तेव्हा. निवांत असताना सगळेच आकडे गुणी वाटतात. डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर आणि सीपीयू १०-१५ वर घुटमळत असेल, तर दोष कुठे आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मोजण्याचा आग्रह धरायला साधं गणित पुरतं. संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली ते मांडलं: यंत्राचा एखादा भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण फायदा त्या भागावर मुळात किती वेळ जात होता, तेवढ्यापुरताच मिळतो. एखादा प्रोग्राम उघडायला दहा सेकंद लागतात आणि त्यांतले नऊ डिस्कची वाट पाहण्यात जातात असं धरा. प्रोसेसर दुप्पट वेगाचा बसवला, तर वाचेल अर्धा सेकंद. आता डिस्ककडे पाहा. जुन्या डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं आणि ते डोकं योग्य जागी न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे इथे-तिथे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला ऐंशीच्या आसपासच वाचू शकते. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसल्यामुळे ती सेकंदाला असे हजारो तुकडे सहज वाचते. म्हणूनच हार्ड डिस्कवर विंडोज चालणाऱ्या घरगुती संगणकात पहिला खर्च बहुतेक वेळा एसएसडीचाच असावा. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या मदरबोर्डवरही चालते. डेस्कटॉपमध्ये ती बसवायला एक डेटा केबल आणि एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, येणारी एक पॉवर पिन लागते, बस्स.

यावर एक आक्षेप हमखास येतो: एसएसडी लवकर मरते. तिच्यावर लिहिण्याला मर्यादा आहे, हे खरं. पण नावाजलेल्या ५०० जीबीच्या एसएसडीवर साधारण १५० ते ३०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिले तरी १५० टीबी व्हायला वीस वर्षं लागतील. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र मला मान्य आहे. हार्ड डिस्क जाण्याआधी अनेकदा कुरकुरते. एसएसडी काही न सांगता जाऊ शकते. उपाय सोपा आहे. जुनी हार्ड डिस्क फेकू नका. ती धडधाकट असेल तर फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत तिच्यावर राहू द्या, दुसरी बाहेरच्या डिस्कवर. आणि हजार रुपयांत २ टीबी देऊ करणाऱ्याकडे फिरकू नका. अशा मालात आकडा खोटा असतो आणि ते डिस्क भरत आल्यावरच कळतं.

फुकटात होणाऱ्या सुधारणा लोक सर्वांत शेवटी पाहतात. टास्क मॅनेजरमध्येच, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. अँटिव्हायरस आणि टायपिंगची साधनं सोडून नको ते बंद करा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्यालाच लावलेली आहे ना, हे मागे वाकून बघा. ती मदरबोर्डला लावलेली सापडते, असे संगणक थोडेथोडके नाहीत. कधीकधी १४४ हर्ट्झचा मॉनिटर सेटिंगमध्ये ६० वरच राहिलेला असतो. बूस्टर आणि रजिस्ट्री क्लीनर यांना माझा सरळ विरोध आहे. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला तर खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. हार्ड डिस्कसाठी असलेलं डिफ्रॅगचं जुनं व्रतही एसएसडीवर पाळू नये. तिची निगा विंडोज स्वतः राखतं.

रॅमचं उत्तर थोडक्यात: मेमरी सतत ८०-९० टक्क्यांवर असेल तरच वाढवा. आज ८ जीबी किमान समजा. घेण्याआधी डीडीआर३ की डीडीआर४ हे पाहा, कारण एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसतच नाही.

धुळीचा मुद्दा आपल्या हवेत मोठा आहे. प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि मालक म्हणतो, 'प्रोसेसर जुना झाला.' पंखा आणि त्याखालचे धातूचे पडदे साफ केले, थर्मल पेस्ट बदलली, की तोच प्रोसेसर पुन्हा पूर्ण वेगाने चालतो. मात्र आधी प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. एसएमपीएस उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यातले कपॅसिटर धक्का देऊ शकतात.

कधीकधी अडचण यंत्रात नसते, टेबलापाशी असते. दिवसाला चार पानं मराठी लिहिणारा माणूस इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवत बसला, तर त्याला कुठलीही एसएसडी तारणार नाही. थेट देवनागरी टंकणारा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये आधीपासून आहे. भाषा जोडली की विंडोज आणि स्पेस या कळांनी अदलाबदल होते. सुरुवातीला बोटं कुरकुरतील, ती कुरकुरू द्या.

'एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवाच बरा,' असं म्हणणाऱ्यांचं एका ठिकाणी बरोबर आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि इंटेलचा बहुधा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. याहून जुन्या संगणकावर बँकेचे व्यवहार करायचे असतील, तर फक्त एसएसडी बसवून भागणार नाही. तिथे लिनक्स घाला किंवा यंत्र बदला. पण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा संगणक केवळ हार्ड डिस्कमुळे रेंगाळतो म्हणून भंगारात देणं, हा मला शुद्ध उधळेपणा वाटतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा की गल्लीतल्या दुकानात, टास्क मॅनेजरमधल्या आकड्यांचा फोटो काढून सोबत न्या, आणि बसवलेल्या प्रत्येक सुट्या भागाचा मॉडेल व अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या.