सोलापूर : आकडा आणि माणसे

शहराची लोकसंख्या हा विषय वरवर पाहता रूक्ष वाटतो. भूगोलाच्या पुस्तकातला तक्ता पाठ करावा, परीक्षेत उतरवावा आणि विसरून जावा, असाच आपल्यापैकी पुष्कळांचा अनुभव असेल. परंतु तक्त्यातल्या आकड्याला "ही माणसे आली कोठून आणि कशासाठी?" असे विचारले, तर तोच आकडा बोलू लागतो. प्रस्तुत लेखात आपल्या सोलापूरच्या आकड्याला हा प्रश्न विचारण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

१९०१ च्या शिरगणतीत सोलापूरची वस्ती सुमारे ७५ हजार होती. २०११ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत ९,५१,५५८ लोक नोंदले गेले. म्हणजे ११० वर्षांत शहर साडेबारा पटींनी वाढले. ही वाढ केवळ जन्माने झालेली नाही. सोलापूर हे मुख्यतः आलेल्या माणसांचे गाव आहे.

मूळ गाव मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या सीमेवरचे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांमुळे त्याला तीर्थाचे महत्त्व आले. आजही संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, तेव्हा कन्नड आणि मराठी एकाच रस्त्यावरून चालतात. बहमनी आणि आदिलशाही काळापासून येथे मुसलमानांची मोठी वस्ती आहे. पुढे १८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. शेतात काम नाही आणि गिरणीला माणसे हवीत, अशी ती वेळ होती. खेडोपाडीचे मराठी शेतकरी व शेतमजूर गिरणीत आले. निजामाच्या राज्यातील तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि त्यांचे हातमाग पूर्वभागातल्या घराघरांत वाजू लागले. गुजराती, मारवाडी व्यापारी आले. काही माणसे मात्र स्वतःच्या इच्छेने आली नाहीत. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना येथे तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्या वस्तीचे 'सेटलमेंट' हे नाव लोकांच्या तोंडी राहिलेच.

इतक्या निरनिराळ्या लोकांचे एक गाव झाले का? याचे उत्तर १२ जानेवारी १९३१ या तारखेत आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि त्या प्रकरणात चौघांना येरवड्यास फाशी देण्यात आली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन ही ती चार नावे. यांपैकी कोणाच्या घरी कोणती भाषा होती आणि कोणता देव होता, हे नावांवरूनच कळते. शहराच्या लोकसंख्येचा यापेक्षा छोटा आणि खरा तक्ता मला अन्यत्र मिळाला नाही.

आता आकडे वाचताना घ्यावयाच्या काळजीविषयी. १९९१ मध्ये सोलापूर शहराची लोकसंख्या ६ लाख ४ हजार होती, ती २००१ मध्ये ८ लाख ७२ हजारांवर गेली. वाढ झाली ४४ टक्के! परंतु मधल्या काळात, १९९२ मध्ये, शहराची हद्दवाढ झाली होती. आजूबाजूची गावे शहरात धरली गेली. म्हणजे जी माणसे जागची हलली नाहीत, तीही 'वाढली'. याच्या उलट २००१ ते २०११ या दशकात वाढ फक्त ९ टक्के दिसते. महाराष्ट्राची त्याच दशकातील वाढ सुमारे १६ टक्के होती. येथे दोन कारणे संभवतात. एक तर, गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागाचा धंदा मंदावला आणि शिकलेली मुले पुण्याला जाऊ लागली. पूर्वी माणसे ओढून घेणारे शहर आता माणसे पाठवू लागले.

दुसरे कारण मला घरातच सापडले. माझी आई विडी कामगार आहे. सूप मांडीवर घेऊन विड्या वळतच तिने आम्हा भावंडांना वाढवले. २००६ मध्ये कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली आणि आम्हाला तेथे हक्काचे घर मिळाले. एका घरात चार-पाच माणसे धरली, तर ही वस्ती चाळीस-पन्नास हजारांची होते. कुंभारी मात्र महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. आमचा बाजार, दवाखाना, आईचा विडी कारखाना आणि माझे हे महाविद्यालय सोलापुरात; परंतु ९,५१,५५८ या आकड्यात आमच्या घरातले एकही माणूस नाही. कुंभारीलाच रे नगरमधील आणखी पंधरा हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. तेव्हा 'सोलापूरची लोकसंख्या किती?' या प्रश्नाआधी 'सोलापूर कोठपर्यंत?' हा प्रश्न विचारला पाहिजे. पाणी, बस आणि दवाखाने यांची आखणी आकड्यांवरून होते, म्हणून हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही.

भाषेच्या रकान्याचेही असेच आहे. लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे. त्याखेरीज येत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवता येतात. आमच्या घरी तेलुगू बोलतात. मी शिकले मराठीत, शेजारच्या आजींमुळे कन्नड कळते, आणि बाजारात हिंदी-उर्दूवाचून चालत नाही. दोन जादा भाषांच्या जागेत तीन कशा बसवायच्या? पण पुष्कळांच्या घरी या दोन जागाही रिकाम्या जातात, कारण "काय लिहायचे ते लिहा, बाई" असे म्हणून आपली माणसे गप्प बसतात. कागदावर आपण खरे उतरावे, ही जबाबदारी सरकारची आहे तशी घरातल्या शिकलेल्या मुलाचीही आहे.

२०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, ती लांबली. परंतु आपली माहिती गोळा करण्यासाठी आपण तिची वाट का पाहावी? माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत : आपण कोणत्या गावाहून आलो, कोणत्या कामासाठी आलो, आणि तेव्हा घरात कोणती भाषा होती? भूगोल विभागाने ही उत्तरे नकाशावर मांडावीत. ज्यांना ही उत्तरे तोंडपाठ आहेत अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून हे काम येत्या सुट्टीतच व्हावे, अशी माझी सर्व मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना नम्र विनंती आहे.