गल्ला वेगळा, घरखर्च वेगळा

“दुकान चालते, गिऱ्हाईकही येते; पण हंगामाच्या तोंडावर हातात पैसा नसतो.” शिरूर आणि दौंडच्या पेठेत बसणाऱ्या छोट्या दुकानदारांची व कारागिरांची ही नेहमीची तक्रार. मिळकत कमी आहे हे खरेच. परंतु बहुतेक वेळा खरे कारण दुसरेच असते. गल्ला आणि घरखर्च एकाच खिशातून चालतो, त्यामुळे भांडवल कधी खाऊन संपले ते कळतच नाही. मग ईद किंवा लग्नसराई जवळ आली की सावकाराचे दार गाठावे लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शिलाई कारागिराचा रोजचा गल्ला ९०० रुपये आहे. दोरा, अस्तर, बटणे, वीज व गाळ्याचे भाडे यांचे ३०० रुपये काढले तर खरी मिळकत उरते ६०० रुपये. त्याने घरी ५५० दिले आणि ५० रुपये बाजूला ठेवले, तर २६ दिवसांचे १,३०० आणि वर्षाचे १५,६०० रुपये होतात. हंगामाचा माल भरण्यास एवढी रक्कम पुरेशी होते.

आता बचत नसलेला दुसरा कारागीर पाहा. त्याने १५,००० रुपये शेकडा दरमहा ५ रुपये व्याजाने चार महिन्यांसाठी घेतले. व्याज झाले ३,००० रुपये, म्हणजे पहिल्याच्या ६० दिवसांच्या बचतीइतके! पैसा गेला तो गेलाच, शिवाय ज्या व्याजापासून दीनने आपल्याला रोखले आहे त्यातच माणूस अडकला.

हे टाळण्यासाठी पुढील सवयी लावून घ्याव्यात.

१) बचत आधी, खर्च नंतर. संध्याकाळी दुकान बंद करताना प्रथम मालाचे पैसे, मग बचतीचे पैसे वेगळे काढावेत आणि उरलेले घरी न्यावेत. “उरले तर टाकू” म्हणणाऱ्याचे कधीच उरत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी गल्ला जास्त येतो, त्या दिवशी बचतही जास्त टाकावी.

२) रोज दोन ओळी लिहाव्यात: आज किती आले, किती गेले. मोबाईलवर आलेली रक्कमही वहीत चढवावी. बाहेरचा चहा १० रुपयांचा धरला तर दिवसाला चार कपांचे महिन्यात १,०४० रुपये होतात. वही लिहिल्याशिवाय हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही.

३) उधारीला मर्यादा घालावी. मागील बाकी आल्याशिवाय नवी उधारी देऊ नये. नाव, तारीख, रक्कम लिहून घ्यावी. यात संकोच कसला? देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याची शिकवण तर आपल्याला दीननेच दिली आहे.

४) माल आणण्याचा खर्च पाहावा. शिरूरला रेल्वे नाही. पुण्याची एक फेरी भाडे, जेवण, हमाली मिळून ३०० रुपयांना पडते असे धरू. महिन्यात चार फेऱ्या करणाऱ्या दोन शेजाऱ्यांनी आळीपाळीने जाऊन एकमेकांचा माल आणला, तर प्रत्येकाचे ६०० रुपये वाचतात. बिले मात्र ज्याची त्याची वेगळी घ्यावीत. दौंड हे रेल्वेचे जंक्शन आहे. रोज ये-जा करणाऱ्याला मासिक पास स्वस्त पडतो. दोन-चार फेऱ्या करणाऱ्याने साधे तिकीटच काढावे.

५) भिशी विचारपूर्वक लावावी. बारा जणांनी दरमहा १,००० रुपये टाकून चिठ्ठीने १२,००० उचलले, तर त्यात व्याज नाही. बोली लावून रक्कम सोडण्याच्या भिशीपासून मात्र दूर राहावे. माणसे पारखलेली असावीत आणि हिशोब लिहिलेला असावा.

६) बचत घरात ठेवू नये, घरातला पैसा हाताशी असतो, तो लवकर मोडतो. २०१४ पासून जन-धन योजनेत किमान शिल्लक न ठेवता खाते उघडता येते. खात्यात जमा होणाऱ्या व्याजाचे काय करावे, हे आलिमांना विचारावे. बारामतीत लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ साली बिनव्याजी ठेवी व बिनव्याजी कर्जाचा प्रयोग सुरू केला होता. आपल्या मोहल्ल्यात विश्वासू माणसांनी कर्जे-हसनाची छोटी सोय केली, तर कितीतरी कारागीर सावकारापासून वाचतील.

शेवटी, जकातीचा हिशोब हाच आपला वार्षिक ताळेबंद समजावा. विक्रीचा माल, रोकड, येणे असलेली उधारी आणि देणे यांची वर्षातून एकदा नीट मोजणी करावी. शिलाई मशीन किंवा अवजारे त्यात धरली जात नाहीत. जकात लागू होवो अगर न होवो, आपला धंदा वाढला की घटला हे त्या दिवशी स्पष्ट कळते.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. मुलांचे शिक्षण, आजारपण आणि पाहुणचार यांना हात आखडू नये. परंतु उधळपट्टीला ‘इज्जत’ असे नाव देऊ नये. आज संध्याकाळी दुकान बंद करताना पहिले ५० रुपये वेगळे काढा. सुरुवात एवढीच आहे.