१६ तारा आणि ६४ ‘के’

एखाद्या वसाहतीत घरांना चार आकडीच क्रमांक द्यायचे ठरले, ०००० पासून ९९९९ पर्यंत, तर किती घरांना पत्ता मिळेल? दहा हजार. त्यापुढचे घर कितीही भक्कम बांधा, पोस्टमन तेथे पोहोचणार नाही. १९८० च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत घराघरांत शिरलेल्या संगणकांची अडचण हीच होती.

त्यांपैकी बहुतेकांत दोहोंपैकी एक प्रोसेसर असे : ६५०२ (१९७५) किंवा झेड-८० (१९७६). दोन्ही ८ बिटांचे. पण स्मृतीतील पत्ता सांगण्यासाठी दोघांनाही १६ तारा. प्रत्येक तारेच्या अवस्था दोनच, ० किंवा १. म्हणून एकूण पत्ते २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६. यालाच ६४ ‘के’ म्हणतात, कारण येथे ‘के’ म्हणजे १,०२४. एका पत्त्यावर एक बाइट मावतो.

कायमची स्मृती रॉम आणि पुसता येणारी रॅम, दोन्ही एवढ्यातच बसवायच्या. सिंक्लेअर स्पेक्ट्रममध्ये (१९८२) रॉम १६ के, रॅम ४८ के. बीबीसी मायक्रोमध्ये (१९८१) निम्मी-निम्मी. आपल्याकडील शाळांत १९८४ पासून ‘क्लास’ प्रकल्पातून आला तो हाच संगणक. ३२ के रॅम पुष्कळ वाटते ना? हिशेब करू. सर्वांत बारीक चित्रासाठी पडद्यावर ६४० × २५६ ठिपके. प्रत्येकास एक बिट धरला तरी १,६३,८४० बिट, म्हणजे २०,४८० बाइट, म्हणजे बरोबर २० के! यंत्राच्या स्वतःच्या कामाला आणखी ३.५ के. तुमच्या प्रोग्रॅमला उरले ८.५ के. पडदा सजवावा तर प्रोग्रॅम उपाशी.

कमोडोर-६४ ने (१९८२) ६४ के रॅम दिली आणि वर २० के रॉम! बेरीज ८४. हे कसे? गिरणगावात एकाच खोलीत दिवसपाळी-रातपाळीचे कामगार आळीपाळीने झोपत, तसे. त्यातील ६५१० हा ६५०२ चाच भाऊ. तो एकाच पत्त्यावर कधी रॉम, कधी रॅम जोडून घेई. युक्ती नामी, पण बेसिक भाषा वापरताना तिची रॉम जोडलेलीच ठेवावी लागे, आणि प्रोग्रॅमसाठी ३८,९११ बाइटच मोकळे राहत.

आता वेग. स्पेक्ट्रममधील झेड-८० चे घड्याळ ३.५ मेगाहर्ट्झचे, बीबीसीतील ६५०२ चे २ मेगाहर्ट्झचे. मग झेड-८० जलद? घाई नको. दिलेल्या पत्त्यावरचा बाइट उचलायला झेड-८० ला घड्याळाचे १३ ठोके लागतात, ६५०२ ला फक्त ४. भागाकार केला की अनुक्रमे ३.७ आणि २ मायक्रोसेकंद येतात! मात्र झेड-८० च्या पोटातच बाइट ठेवायला अधिक खण आहेत. एका खणातून दुसऱ्यात न्यायला ४ ठोके, म्हणजे १.१ मायक्रोसेकंद पुरतात. ६५०२ जवळ असे कामाचे खण तीनच, त्यामुळे त्याला वारंवार स्मृतीकडे धावावे लागते. नुसते मेगाहर्ट्झ सांगणे म्हणजे पावलाची लांबी न सांगता पावले मोजणे.

कमोडोर-६४ चे घड्याळ सुमारे १ मेगाहर्ट्झचे होते. त्याला एक बाइट उचलायला किती वेळ लागे ते काढा आणि स्पेक्ट्रमच्या उत्तराशी ताडून पाहा.