धंद्याच्या गाडीचं ऑइल घरी बदलताना

डबे, दूध, किराणा किंवा पार्सल पोचवणाऱ्या बऱ्याच जणांची विचारणा असते की ऑइल घरी बदललं तर चालेल का. चालेल. पण गाडी वॉरंटीत असेल आणि फ्री सर्व्हिस बाकी असतील, तर त्या कंपनीच्या सेंटरलाच करा. तिथे शे-दोनशे वाचवायला जाऊ नका.

आधी हिशेब बघू. समजा तुम्ही रोज 40 डबे देता आणि डब्यामागे 15 रुपये सुटतात. म्हणजे दिवसाचे 600. ऑइल कमी होऊन इंजिन जाम झालं आणि गाडी चार दिवस गॅरेजला पडली, तर 2400 रुपये तिथेच गेले. पिस्टन-बोअरच्या कामाचं बिल वेगळं, आणि तुटलेलं गिऱ्हाईक त्याहून वेगळं. म्हणून माझ्या मते घरी ऑइल बदलण्याचा खरा फायदा मजुरी वाचण्यात नाही. गाडीत काय चाललंय हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, हा फायदा मोठा.

उदाहरणाला स्प्लेंडर घेऊ, कारण आपल्या धंद्यात तीच जास्त. तिला 10डब्ल्यू30 ग्रेडचं, बाटलीवर ‘जासो एमए’ लिहिलेलं फोर-स्ट्रोक ऑइल लागतं. हे ‘एमए’ नीट बघा. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. स्कूटरचं ‘एमबी’ ऑइल किंवा कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरायला लागतो. रेस वाढते, गाडी ओढत नाही, आणि डब्यांची पिशवी लावून चढावर गेलात की लगेच कळतं. दुकानदार ‘सगळं एकच असतं हो’ म्हणाला तरी ऐकू नका. (मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून सांगतोय!)

आता काम. गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन उतरतं. नुकतीच लांबून आलेली गाडी मात्र लगेच खोलू नका, हात भाजेल. सपाट जागी मेन स्टँडवर लावा, डिपस्टिकचं झाकण काढा, खाली जुनं घमेलं ठेवा आणि 17 नंबरच्या रिंग पान्याने ड्रेन बोल्ट सोडा. दहा मिनिटं निथळू द्या. किक मारत बसायची गरज नाही.

तेवढ्यात घमेल्यात बघा. काळं ऑइल म्हणजे खराबच असं नाही, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे होऊ शकतं. चमकणारे धातूचे कण जास्त दिसले तर त्याच दिवशी मेकॅनिकला दाखवा.

बोल्ट परत लावताना घाई नको. वायसर नवा टाका, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. बोल्ट आधी हातानेच पूर्ण फिरवा, पाना शेवटी. इंजिनचं खालचं कव्हर ॲल्युमिनियमचं असतं. पान्यावर अंगाचं वजन टाकलं की आटे जातात. मग नवे आटे पाडायला गॅरेज गाठावं लागतं.

900 मिलीची बाटली आणली म्हणून सगळी ओतू नका. इंजिन पूर्ण खोलल्यावर लागणारं माप आणि नुसतं ड्रेन केल्यावर लागणारं माप वेगळं असतं, कारण थोडं जुनं ऑइल आत राहतंच. नरसाळ्याने 700 मिली ओता, गाडी दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवा, बंद करून तेवढंच थांबा. मग डिपस्टिक पुसून नुसती टेकवा, आटे फिरवू नका, आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये येईपर्यंत थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर जास्तीचं ऑइल एअर फिल्टरकडे फेकलं जातं. स्प्लेंडरमध्ये आत जाळीची गाळणी असते. ती साफ करायला साइड कव्हर उघडावं लागतं, ते काम गॅरेजवाल्याकडेच द्या.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. चेनलाही लावू नका, त्यातली काजळी आणि कण चेन घासतात. रिकाम्या बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या, त्यांच्याकडून जुनं ऑइल नेणारे येतात.

शेवटी खर्चाच्या वहीत तीन गोष्टी लिहा: तारीख, मीटरचा आकडा, रक्कम. ऑइल किती किलोमीटरला बदलायचं ते मॅन्युअलमध्ये दिलंय. पण दिवसभर थांबत-थांबत, वजन घेऊन फिरणाऱ्या गाडीला मी 3000 च्या पुढे जाऊ देत नाही. रोज 60 किलोमीटर आणि महिन्याला 26 दिवस धरले तर 1560 होतात, म्हणजे दोन महिन्यांच्या आत नंबर आला. त्याचे पैसे डब्याच्या दरात धरलेत का, ते आज वही उघडून बघा. आणि उद्या सकाळी गाडी काढण्याआधी बोल्टखाली फरशीवर थेंब पडलाय का, तेही.